थांबणाऱ्याला भीती कशाची?

संपादक महोदय,

गोव्यात माणुसकी उरली नाही, असे हल्ली कोणीही उठून बोलतो. सकाळच्या वेळी फोंडा-पणजी मार्गावरील खासगी बसमधून ज्याने उभ्याने प्रवास केला आहे, त्याला हे पटणार नाही. पाय ठेवायला जागा नसते, कंडक्टर ‘फुडें वचात, फुडें’ असे ओरडत असतो आणि तेवढ्यात आसनावर बसलेली एखादी बाई समोर उभ्या असलेल्या अनोळखी मुलीची जड बॅग काही न बोलता ओढून आपल्या मांडीवर घेते. मांडीवर आधीच तिची स्वतःची पिशवी आणि जेवणाचा डबा असतो. मुलीचा थांबा आला की बॅग हातोहात दारापर्यंत पोहोचते. मुलगी आधीच खाली उतरली असेल, तर ती खिडकीतून दिली जाते. आभार मानायला वेळ नसतो आणि त्याची कोणी अपेक्षाही करत नाही. दिवाडी, चोडणच्या फेरीधक्क्यांवर ओहोटीच्या वेळी चिखलाने निसरड्या झालेल्या चढावर कोणाची स्कूटर बंद पडली, तर मागून चालत येणारे दोघे ती ढकलून वर नेतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) वॉर्डांतही शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या सलाईनकडे लक्ष ठेवणारे, कुठून कुठून आलेले नातेवाईक दिसतातच.

मात्र नोंदणीकृत वाहनांची संख्या जिथे लोकसंख्येच्या घरात पोहोचली आहे, त्या राज्यात बहुतेकांचा प्रवास आता आपापल्या वाहनातून, एकेकट्याने होतो. रस्त्याच्या कडेला कोणी दुचाकीसह पडलेला दिसला, की बसमध्ये दुसऱ्याचे ओझे सांभाळणारा तोच माणूस वेग कमी करतो, पाहतो आणि पुढे जातो. त्याला निर्दय ठरवणे सोपे असले, तरी अन्यायाचे आहे. त्याच्या डोळ्यांसमोर जखमी माणसाबरोबरच पोलीस ठाणे, जबानी, न्यायालयाच्या तारखा आणि ‘धडक तूच दिली नाहीस कशावरून?’ हा प्रश्नही उभा असतो.

ही भीती एकेकाळी निराधार नव्हती, परंतु कायदा बदलला आहे आणि तो बदल लोकांपर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. त्यांनुसार, सद्भावनेने मदत करताना जखमीला काही इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस त्याच्यावर करू शकत नाहीत आणि त्याने स्वखुशीने साक्षीदार होण्याचे ठरवले, तर जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी व वेळी घ्यावा लागतो. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास केंद्र सरकार बक्षीसही देते. २०२१ मध्ये ते ५ हजार रुपये होते, ते २०२५ मध्ये २५ हजार करण्यात आले. मला स्वतःला या रकमेपेक्षा नाव न विचारण्याची तरतूद मोलाची वाटते. बसमध्ये मांडीवर बॅग घेणाऱ्या बाईलाही कोणी नाव विचारत नाही.

शिवाय थांबणाऱ्याने काही फार मोठे करायचे नसते. १०८ ला फोन करावा (ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे), मागून येणाऱ्या वाहनांना हात दाखवून सावध करावे, पाऊस असेल तर छत्री धरावी आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीशी बोलत राहावे. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर त्याला घाईघाईने उचलून रिक्षात न कोंबणे हीसुद्धा मदतच आहे, आणि ती करायला धाडस नव्हे, थोडा धीर लागतो.

मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वारावर किंवा ठळक जागी इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावावी, असे हेच नियम सांगतात. आरोग्य खात्याने आपल्या सर्व रुग्णालयांत ती लागली आहे की नाही, याची एकदा पाहणी करावी. गोव्यात ती कोकणीबरोबर मराठीतही असावी आणि अपघात विभागाच्या दारातच, रात्रीच्या उजेडातही वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावी. रुग्णाला घेऊन धावत आलेला माणूस बारीक अक्षरांची नोटीस वाचत उभा राहत नाही. पोलीस खात्यानेही ठाण्यावरील आणि वाहतूक विभागातील कर्मचाऱ्यांना हे नियम नव्याने समजावून द्यावेत. आपणही आपल्या दैनिकात ही माहिती चौकटीत प्रसिद्ध करावी, आणि शक्य झाल्यास ती चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी यावी, कारण त्या दिवसांत बाजारहाटासाठी आणि गावाकडे जाण्यासाठी रस्त्यांवर सर्वाधिक गर्दी असते.

– एक वाचक, फोंडा