चार पोती वाल आणि वाशीचा रस्ता

संपादक महोदय,

'शेतकरी थेट वाशीच्या घाऊक बाजारात माल का आणत नाही, गावच्या व्यापाऱ्यालाच का देतो?' हा प्रश्न शहरात वरचेवर ऐकू येतो. भाव कळत नाही म्हणून नव्हे, माल थोडा असतो म्हणून. मुरबाड-शहापूरकडे भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मूग पेरतात. घरापुरते ठेवून विकायला निघतात ते दोन-तीन क्विंटल. समजा, वाशीत क्विंटलला ४०० रुपये जास्त मिळाले. दोन क्विंटलचे, म्हणजे चार पोत्यांचे, झाले ८००. छोट्या टेम्पोत सात-साडेसात क्विंटल मावतात, पण भाडे चार पोत्यांनाही तेवढेच. वर हमाली, तोलाई आणि बुडालेला दिवस. व्यापारी खळ्यावर येऊन रोख देतो. त्याची उधारी असेल तर ती आधी वळती होते, आणि पायलीने (धान्य मोजायच्या मापाने) मोजून घेतले तर वजनात किती गेले ते कळतही नाही, हा भाग वेगळा.

मग हमीभाव? तो तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर या पाच कडधान्यांना आहे, वालाला नाहीच. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. पण बांधावरची तूर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून करायच्या पीकनोंदणीत) नोंदवायची राहून जाते, सातबाऱ्यावर दिसते नुसते भात, आणि खरेदी केंद्रावरची नोंदणी तिथेच अडते. रब्बीची नोंद वेगळी करावी लागते, हे पुष्कळांना मार्चमध्ये कळते. शिवाय ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. एवढे करून पैसे बँकेत येईपर्यंत थांबायचे.

वालाचे गणित सगळ्यात अवघड. ओल्या शेंगा विकल्या तर वाळवणे-झोडपणे वाचते, पण तोडणीला माणसे लागतात आणि शेंग त्याच दिवशी खपावी लागते. सुका ठेवला तर भुंगा. तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो. स्वच्छ दिसणारा दाणा घरात महिना-दोन महिन्यांत पोखरून निघतो. मार्चमध्ये पडेल त्या भावाला विकण्याची घाई होते ती बव्हंशी यामुळे. दाताखाली कट् वाजेपर्यंत वाळवून, निवल्यावर (गरम भरला तर आत घाम सुटून बुरशी येते) किलोला ५ मिलि तेल चोळून ठेवला, तर श्रावणापर्यंत थांबता येते. बिरड्यासाठी ठाणे-नवी मुंबईत कडव्या वालाला गिऱ्हाईक असते ते तेव्हाच. ते गिऱ्हाईक चोखंदळ असते: पावटा मिसळलेला, जुना किंवा गणंग (शिजवूनही कडक राहणारा दाणा) निघणारा माल एकदाच घेते. म्हणून नवा-जुना वेगळा ठेवून, चाळून-निवडून दिलेल्या मालालाच किलोवर भाव मिळतो.

तेव्हा 'दलाल हटवा' म्हणण्यापेक्षा दोन गोष्टी व्हाव्यात. गावातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीत वजनकाटा, चाळण आणि ओलावामापक ठेवून आठ-दहा घरांचा माल एका मोठ्या टेम्पोत निघावा. आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतल्या आठवडी शेतकरी बाजारांत, जिथे बहुतेक भाजीच असते, मार्च ते श्रावण एक गाळा सुक्या कडधान्यासाठी राखावा.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई