आखाजीच्या आधी वाचा

आई, आप्पा,
सा. न.

आखाजीच्या सणाला घरी यायला मला अजून अवकाश आहे आणि ऊन आत्ताच चटके द्यायला लागलंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर काही सांगायला गेलं की आप्पा ‘माले काय धाड भरनी?’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच ‘तू जेवलीस का’वर येते. पत्र निदान फ्रिजला चिकटवून ठेवता येईल.

आप्पा, आधी तुमचं. यावल-रावेरच्या उन्हात तुमचा जन्म गेला, कबूल. पण सत्तरीनंतर तहान लागायलाच उशीर होतो. अंगातलं पाणी कमी झालं तरी जीव मागत नाही. त्यात तुमच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे, ते लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. ऊनही पाणी ओढणार आणि गोळीही. खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणता, त्यामागे हेही असू शकतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका. फैजपूरला जाल तेव्हा डॉक्टरांनाच विचारा, उन्हाळ्यापुरती कमी करायची का. जाण्याआधी आठवडाभर बीपी मोजून वहीत लिहा. चहा-तंबाखू होऊन अर्धा तास जाऊ द्यायचा, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या उंचीवर ठेवायचा. शेतातून आल्या आल्या मोजलेला आकडा डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो.

शेतीची लाइट दिवसपाळीची असली की तुम्ही भर दुपारी मोटार बघायला निघता. केळीला पाणी हवं, मला कळतं. सालदाराला पाठवा, नाहीतर 11च्या आत उरकून या. खिशातला कांदा असू द्या, त्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डोक्याला ओला रुमाल आणि सोबत पाण्याची बाटली हवी. लघवी गर्द पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडलंय.

ओआरएसचं पाकीट सरबतासारखं रोज प्यायचं नसतं, त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतं. एरवी साधं पाणी आणि पातळ, कमी मिठाचं ताक पुरे. जुलाब-उलट्या झाल्या तर 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच घाला, पेल्यात अर्धं-अर्धं नको. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, वाढायचा नव्हे.

ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तापाची गोळी देत बसू नका, त्या तापावर ती चालत नाही. आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला आणि 108 लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणता, ते बंद. बीपीची गोळी, कोरडं पडलेलं अंग आणि वर ही गोळी, असं तिन्ही जमलं की मार किडनीला बसतो.

आई, आता तू. बिबड्याच्या पापडांचा घाटा शिजवायला पहाटे उठतेस, इन्सुलिन घेतेस आणि ‘एवढं वाळत घालते मग खाते’ म्हणत गच्चीवर जातेस. हे मला आप्पांच्या उन्हापेक्षा जास्त भीतीचं वाटतं. सुई टोचली की जेवण लांबवायचं नाही. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर 3 चमचे साखर पाण्यात घालून लगेच पी, 15 मिनिटांनी शुगर तपास, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. मग भाकरी खा. उन्हाने घाम आला की शुगर उतरल्याने, हे गच्चीवर कळत नाही, म्हणून शंका आली तरी साखर घ्यायचीच. पदराला साखरेची पुडी बांधून ठेव. बिबडे यंदा शेजारच्या काकूंबरोबर मिळूनच कर, एकटीने वर जाऊ नकोस.

इन्सुलिन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नकोस. एकदा गोठलं की वाया गेलं, वितळलं तरी टोचायचं नाही. लाइट जास्त वेळ गेली तर कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेव, झाकण घाल. आपल्याकडच्या मे महिन्यात ती फडताळात ठेवून चालणार नाही.

कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा, तेवढ्या दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. आप्पांनी नुसतं वरून पाणी ओतायचं नाही.

तुमच्या दोघांच्या सत्तरीवरच्या आयुष्मान कार्डाचं राहिलंय. आधार कार्डं काढून ठेवा, आले की करून टाकू. येताना बीपी मशीनचे सेल आणते. अजून काही लागत असेल तर आईनेच सांगावं, आप्पांना विचारलं तर ‘काही नको’च येणार.

तुमची,
ताई

ता. क. वहीतले आकडे रविवारी फोनवर विचारणार आहे, आप्पा.