'किंवा तत्सम' हॉटेल : रीगातल्या मुक्कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई
(प्रत : नाशिक शाखा)

दिनांक : ३० जून २०२५

विषय : रीगा (लाट्विया) येथील ठरलेलं हॉटेल ऐनवेळी बदलून दोनदा भलत्याच भागात उतरवल्याबद्दल तक्रार व भरपाईची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत मी आणि माझे यजमान याच महिन्यात विल्नियस, रीगा आणि टॅलिन अशी सहल करून आलो. विल्नियस आणि टॅलिनबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती रीगातल्या पाच रात्रींची, म्हणजे १३ ते १८ जूनची. फोनवर तीनदा सांगून झालं. दर वेळी नवीन मुलगी, दर वेळी तीच कहाणी पहिल्यापासून, आणि शेवटी "सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स, मॅम". म्हणून आता लेखी.

राहण्याची जागा आम्ही तुमच्या भरवशावर सोडलेली नव्हती, हे आधी सांगते. माझा भाचा रीगाच्या तंत्र विद्यापीठात दोन वर्षं शिकला, दाउगावा नदीतल्या क्यीपसाला बेटावर राहिला. त्याने फेब्रुवारीतच बजावलं होतं, "मावशी, जुन्या गावात फिरायला जा, झोपायला जाऊ नकोस. राहायचं तर क्लुसाईस सेंत्रसमध्ये." हे त्या भागाचं नाव आहे. अर्थ 'शांत मध्यभाग'. रीगाचा जुना तट १८५७ नंतर पाडला, त्या जागी कालवा, बागा आणि रुंद रस्ते आले. त्या बागांच्या पलीकडे, वकिलातींच्या आसपासचा हा पट्टा. सपाट फुटपाथ, झाडं, थोड्या थोड्या अंतरावर बाक. यजमानांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे आमच्या दृष्टीने बाक हे प्रेक्षणीय स्थळच.

हे नाव मी तुमच्या नाशिक शाखेत देवनागरीत कागदावर लिहून दिलं. खाली दोन ओळी : लिफ्ट हवी, जवळ शाकाहारी काही मिळेल असं बघा. टेबलापलीकडच्या मुलाने कागद वाचला आणि हसून म्हणाला, "हो काकू, क्वाएट पण आणि सेंटर पण, दोन्ही देऊ." शंका तेव्हाच यायला हवी होती. पण हॉटेल दिलं ते खरोखरच त्या भागात, एलिझाबेतेस इएलावर (इएला म्हणजे रस्ता). व्हिसाच्या फाइलला त्याच हॉटेलचं व्हाउचर जोडलं, पैसे पूर्ण भरले, आणि मी भाच्याला कळवलं की तुझ्या मावशीचं काम झालं.

निघायच्या चार दिवस आधी, ४ जूनला, तुमचा व्हॉट्सअॅप आला. ठरलेलं हॉटेल 'उपलब्ध नसल्याने' अटींमधल्या 'किंवा तत्सम' या कलमानुसार त्याच दर्जाचं दुसरं हॉटेल देत आहोत. नवीन हॉटेल 'शहराच्या अधिक मध्यभागी' आहे, वेगळे पैसे नाहीत. जणू उपकारच.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तत्सम शब्द म्हणजे संस्कृतातून रूप न बदलता जसाच्या तसा आलेला. पुष्प, कवी, पुत्र. कर्णाचा कान झाला की तो तत्सम राहत नाही, तद्भव होतो, हे आठवीतली मुलं सांगतात. तुमच्या कलमात तत्सम म्हणजे नक्की काय सारखं? तारे सारखे होते, तीनच. खोलीत दोन पलंग होते. बाकी वस्ती, जिना, आवाज, रस्ता यातलं काहीही सारखं नव्हतं. माझी तक्रार एका वाक्यात मांडायची तर हीच आहे. हॉटेल बदललंत याबद्दल मी एवढी भांडले नसते. तुम्ही वस्ती बदललीत आणि ती बदलल्याचं तुमच्या लक्षातही आलं नाही.

पहिलं 'तत्सम' हॉटेल वेत्सरीगात, म्हणजे जुन्या गावात होतं, लीवू लाउकुम्स या चौकाजवळच्या बोळात. जुनं गाव सुंदर आहे, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्याबद्दल वादच नाही. पण रस्ते दगडगोट्यांचे. विल्नियसच्या बसमधून उतरून बसस्थानकापासून हॉटेलपर्यंत बॅग ओढत नेताना तिचं एक चाक निखळलं. हॉटेलला लिफ्ट नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना दगडी, अरुंद, कठडा एकाच बाजूला, तोही डाव्या. यजमान एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढले. काउंटरवरची मुलगी बिचारी स्वतः बॅग घेऊन मागे आली आणि मजले मोजत होती : दिवि, त्रीस... त्यांचे आकडे द्वि, त्रि, चत्वारि यांचे सख्खे चुलत भाऊ आहेत. एरवी मी तिथेच थांबून तिला आणखी चार शब्द विचारले असते.

त्या काउंटरवर एक काचेची वाटी होती. हॉटेलात जेवण झाल्यावर आपल्याकडे बडीशेप ठेवतात तशी. मी बडीशेपच समजून हात घातला, तर आत पिवळे, मऊ, कानात घालायचे बोळे. जोडी जोडी करून कागदात गुंडाळलेले. फुकट. एवढ्यावरून कळायला हवं की त्या हॉटेलात रात्री काय होतं. ते लोक लपवत नव्हते, लपवलंत तुम्ही.

त्या दिवशी शुक्रवार होता. खिडकीखाली दोन बार, समोर एक. बॅचलर पार्टीसाठी रीगाला येणाऱ्या परदेशी टोळ्यांबद्दल भाचा बोलला होता ते ऐकीव होतं, आता समोर दिसलं : एकसारखे टी-शर्ट घातलेली चौदा तरुण पोरं, मध्ये नवरदेव, त्याला बायकांचा झगा नेसवलेला. पहाटे दोनपर्यंत गाणी. पावणेचारला एकाने खिडकीखालीच भाषण केलं. साडेचारला सूर्य उगवला, कारण जूनमध्ये तिकडे रात्र नावापुरतीच असते, आणि पडदा इतका पातळ की मी त्यावर माझी शाल केसांच्या चापांनी अडकवली. पाचला रिकाम्या बाटल्यांचे क्रेट गाडीत ओतायला सुरुवात झाली. शनिवारी रात्रीही हेच, फक्त पोरं वेगळी. यजमान उठून बसले आणि म्हणाले, "आपण लग्नघरी उतरलोय, फक्त आहेर घेतलेला नाही."

शनिवारी सकाळी मी तुमच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन केला. माझं मागणं एकच होतं, मूळचं हॉटेल द्या. रविवारी दुपारी दुसरं हॉटेल मिळालं. मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'शांत परिसर, सिटी सेंटर १.६ किमी'.

आता हे १.६ किलोमीटर.

ते हॉटेल मास्कवास फोर्श्ताते या भागात होतं. मॉस्कोकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही जुनी उपनगरं, म्हणून हे नाव. स्थानिक लोक मास्काच्का म्हणतात. तुम्ही दिलेल्या व्हाउचरवर पत्ता होता मास्कवास इएला. त्या रस्त्याचं नाव बदलून लात्गालेस इएला झालेलं आहे आणि पाट्याही बदलल्या आहेत. टॅक्सीवाल्याने व्हाउचर पाहिलं, नकाशा पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. १.६ किलोमीटर तुम्ही नकाशावर पट्टी ठेवून मोजले असणार. मध्ये रेल्वेचा उंच बांध आहे, त्याच्या अलीकडे रेल बाल्टिका या नव्या रेल्वेमार्गाच्या कामाचे पत्रे, पलीकडे मोठा बाजार आणि मग विज्ञान अकादमीचा तो स्टालिनच्या काळातल्या शैलीचा मनोरा. चालताना पत्र्यांना वळसा घालावा लागतो, पुलाखालून जावं लागतं. आमच्या चालीने पाऊण तास. रात्री साडेनऊला पुलाखाली दोन माणसं बाटली घेऊन बसली होती. त्यांनी आम्हाला काहीही केलं नाही, मानही वर केली नाही. तरी दुसऱ्या रात्रीपासून आम्ही टॅक्सी केली.

गैरसमज नको. माझी तक्रार त्या वस्तीबद्दल नाही. लाकडी घरं आहेत, रंग उडालेली पण नक्षी शाबूत. जवळच एका कोपऱ्यावर १९४१ च्या ४ जुलैला जाळलेल्या मोठ्या सिनेगॉगचं स्मारक आहे, तिथे आम्ही बराच वेळ उभे होतो. आणि तो बाजार! पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिन वायुनौकांसाठी बांधलेल्या शेडचे सांगाडे आणून उभारलेले पाच प्रचंड मंडप, १९३० पासून चालू. मासळीच्या मंडपात धुरी दिलेल्या माशांचा वास मालवणी माणसालाही थांबवेल. आम्ही शाकाहारी, म्हणून दुधाच्या मंडपात रमलो. संक्रांतीला जसा तिळगूळ, तसं त्यांच्या २३ जूनच्या सणाचं पिवळं गोल चीज तिथे ढिगाने होतं आणि त्यात चक्क शहाजिरं. तीन दिवस आम्ही राय धान्याचा काळा पाव, ते चीज आणि स्ट्रॉबेरी यावर काढले, कारण हॉटेलजवळ दुसरं काही मिळेना. पाठीला सॅक लावून एकट्याने हिंडणाऱ्या पंचविशीच्या मुलाने विचारलं, तर मी त्याला मास्काच्कातच राहा म्हणेन. पण तुम्ही तो भाग त्याला नाही, मला दिलात, आणि माझा कागद तुमच्याकडे होता.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. मंगळवारी १७ जूनला आम्ही अल्बेर्ता इएला पाहायला गेलो. रीगा ज्यासाठी जगात ओळखली जाते ती आर्ट नूव्हो शैलीची घरं या एका लहानशा रस्त्यावर ओळीने आहेत, १९०१ ते १९०८ या काळातली. त्यातली कित्येक मिखाईल आयझेनश्टाइन या अभियंत्याची, चित्रपट दिग्दर्शक सर्गेई आयझेनश्टाइनचे हे वडील. शेजारच्या एलिझाबेतेस इएलावरच्या १० ब क्रमांकाच्या घराच्या माथ्यावर तर दोन अवाढव्य चेहरे आहेत, डोळे शून्यात लागलेले. दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा चेहरा असाच होतो. तो बघून वळलो तर त्याच रस्त्यावर पुढे आमचं मूळचं हॉटेल. लिफ्ट दारातच. समोर झाडं, बाहेर बाक. यजमान बाकावर बसले, मी आत गेले.

मी फक्त एवढंच विचारलं की १३ ते १८ जून हॉटेल भरलेलं होतं का. काउंटरवरच्या गृहस्थांनी संगणकात पाहिलं आणि सांगितलं की आमच्या नावाचं बुकिंग एजंटकडून ३ जूनला रद्द झालं, आणि त्या तारखांना खोल्या शिल्लक होत्या, आजही आहेत. त्यांनी ते हॉटेलच्या लेटरहेडवर लिहूनही दिलं. म्हणजे 'उपलब्ध नसल्याने' हे खरं नव्हतं. खोली होती, ती तुम्ही सोडलीत, आणि तिच्या दरातला नि जुन्या गावातल्या खोलीच्या दरातला फरक कुठे गेला, ते मी तुम्हाला विचारते आहे.

माझ्या मागण्या अशा. रीगाच्या पाच रात्रींचे तुमच्याच पावतीप्रमाणे लावलेले ₹ ४२,५०० परत करावेत. हॉटेल बदलण्यासाठी आणि नंतर रोजच्या जाण्यायेण्यासाठी झालेला टॅक्सीचा खर्च, ५८ यूरो, त्या दिवशीच्या दराने द्यावा. बॅगेच्या चाकाचे पैसे मी मागत नाही, ती जुनीच होती. बुकिंग कोणी, का आणि कोणाच्या सांगण्यावरून रद्द केलं याचा लेखी खुलासा हवा. फोनवरचा चालणार नाही. आणि यापुढे 'किंवा तत्सम' छापताना निदान वस्तीचं नाव आणि लिफ्ट आहे की नाही हे त्याच ओळीत छापा. वस्ती बदलणार असेल तर आधी विचारा. ताऱ्यांचा आकडा सारखा म्हणून हॉटेल सारखं, हे मान्य करायला ग्राहक काही आकाशदर्शनाला निघालेला नसतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे नाशिक जिल्हा आयोगात अर्ज करेन. त्यासाठी मला मुंबईला यावं लागत नाही, मी राहते तिथेच तक्रार करता येते, हे तुमच्या कायदा विभागाला माहीत असेलच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक
(बुकिंग क्रमांक पाकिटावर लिहिला आहे)

सोबत : शाखेत दिलेल्या कागदाची झेरॉक्स, दोन्ही व्हाउचर, ४ जूनच्या मेसेजची प्रत, मूळ हॉटेलचं पत्र, टॅक्सीच्या सात पावत्या, आणि पिवळे बोळे, एक जोडी.