ऊर्जेचे चक्र नसते, दुरुस्ती छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतले नववीच्या परिसंस्थेचे पान पाहिले आणि संताप झाला. पुन्हा तीच आकृती. सूर्य, गवत, हरीण, सिंह, जिवाणू, आणि जिवाणूंकडून परत गवताकडे वळवलेला तो जाड नारिंगी बाण. वर ठळक अक्षरांत 'ऊर्जेचे चक्र'. गेल्या वर्षी छापली होती तशीच, रंगसुद्धा न बदलता.

ऊर्जेचे चक्र नसते. चक्र असते कार्बनचे, नायट्रोजनचे, पाण्याचे. पालापाचोळा आणि मेलेले जनावर बुरशी-जिवाणू कुजवतात, त्यातली द्रव्ये मातीत आणि हवेत परत येतात, झाडे ती पुन्हा घेतात. ऊर्जा मात्र एकाच दिशेने जाते. चुलीवरून उतरवलेल्या वरणाची ऊब परत सरपणात जात नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. नववीच्या पाठ्यपुस्तकातला ऊर्जाप्रवाहाचा धडाही हेच सांगतो. पुरवणी तयार करणाऱ्यांनी तो धडा एकदा उघडून पाहायला हवा होता.

त्याच पानावर, बाणाच्या अगदी शेजारच्या चौकटीत, दहा टक्क्यांचा नियम दिला आहे. एका पोषण पातळीवरून, म्हणजे अन्नसाखळीतल्या एका पायरीवरून, वरच्या पातळीकडे साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते, हे बरोबर छापले आहे. मग उरलेली नव्वद टक्के गेली कुठे? चौकट लिहिणाऱ्याला, आकृती काढणाऱ्याला, पान तपासणाऱ्याला, कुणालाच हा प्रश्न पडला नाही? हरणाने खाल्लेल्या गवतातली बहुतेक ऊर्जा त्याच्या श्वसनात, धावण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन हवेत जाते. काही भाग न पचता लेंड्यांतून बाहेर पडतो. लेंड्यांवर जगणारे जिवाणूसुद्धा श्वसन करतात, म्हणजे तिथूनही शेवटी उष्णताच बाहेर पडते. ती उष्णता गवताला वापरता येत नाही. गवताला रोज नवे ऊनच लागते. जिवाणूंकडून गवताकडे बाण काढायचाच असेल तर त्यावर 'खनिजद्रव्ये' लिहा, 'ऊर्जा' लिहू नका.

माझ्या रागाचे कारण एवढेच असते तर मी पत्र लिहिले नसते. माझी नात नागपुरातल्याच एका शाळेत नववीत आहे. घटक चाचणीत परिसंस्थेतील ऊर्जेची आकृती विचारली होती. तिने सूर्यापासून वाघापर्यंत बाण काढले, प्रत्येक पातळीवरून बाहेर जाणारी उष्णता दाखवली, आणि विघटकांकडून (कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंकडून) मातीकडे जाणारा द्रव्यांचा बाण वेगळ्या रंगात काढला. पूर्ण गुण मिळावेत अशी आकृती होती. तांबड्या शाईत शेरा मिळाला, 'चक्र अपूर्ण', आणि दोन गुण कापले. निवृत्त होईपर्यंत मी हाच विषय शिकवला आहे, म्हणून शाळेत भेटायला गेले. शिक्षिका सौजन्याने बोलल्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्या मला वर्गातल्या फलकापाशी घेऊन गेल्या. तिथे आपल्या पुरवणीचे गेल्या वर्षीचे कात्रण लावलेले होते. "पेपरात आलंय ना मॅडम, मुलं तेच पाठ करतात," असे त्या म्हणाल्या. यावर मी काय बोलणार? गुण मिळाले नाहीत, त्याचे मला फारसे दुःख नाही. घरी आल्यावर पोरीने वहीतली बरोबर आकृती खोडली आणि पुरवणीतली चुकीची आकृती काढून पाठ केली, हे मला सहन झाले नाही.

संपादक महोदय, छापलेल्या अक्षरावर मुले असा विश्वास ठेवतात. आणि काल तुम्ही तीच आकृती पुन्हा छापली.

त्यात सिंह कशाला? सिंह गुजरातेत गीरच्या परिसरात आहे. आपल्या मुलांच्या दाराशी पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा ही वाघांची जंगले आहेत. नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला आणि 2016 साली बेपत्ता झालेला 'जय' नावाचा वाघ इथल्या पोरासोरांना ठाऊक होता. त्याचेच उदाहरण घ्या. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी शिकार लागते, आणि कळप टिकून राहायचा तर अशी सुमारे पाचशे जनावरे त्या भागात हवीत. पाचशे जनावरांना किती गवत-पाला लागेल आणि त्यासाठी किती जंगल लागेल, हा हिशेब मुलांकडून करून घ्या. वाघ थोडे का असतात आणि तरुण नर एवढी पायपीट करून नवा मुलूख का शोधतो, हे त्यांना आपोआप कळेल. ऊर्जा खरोखरच फिरून परत आली असती तर एवढ्याशा जंगलात कितीही वाघ मावले असते.

दुसरे उदाहरण सागाचे. मे महिन्यात आपल्याकडे ऊन सर्वांत कडक असते, आणि नेमके तेव्हाच पेंचमधले साग निष्पर्ण उभे असतात. ऊन भरपूर आहे, पण पाणी नाही म्हणून पाने नाहीत, आणि पाने नाहीत म्हणून ऊर्जा पकडली जात नाही. पाऊस आला की जंगल पुन्हा कामाला लागते. उत्पादक म्हणजे उन्हातून अन्न तयार करणारी वनस्पती, हे यातून जितके समजते तितके गवताच्या एका पात्याच्या चित्रातून समजत नाही.

पोषण पातळ्यांमधून ऊर्जा कशी जाते याची मांडणी ज्याने केली त्या रेमंड लिंडेमनने अमेरिकेतल्या मिनेसोटात एका छोट्याशा तळ्यावर काम केले. त्याचा निबंध 1942 साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी अवघा 26 वर्षांचा असताना तो वारला. त्याच्या तळ्यातले आकडेही नेमके दहा टक्के आले नव्हते, पातळीगणिक वेगवेगळे होते. हे मुलांना सांगितले पाहिजे, म्हणजे दहा हा आकडा ती देववाक्य समजणार नाहीत. आणि तळ्यांची आपल्याला काय कमी आहे? फुटाळा आहे, गोरेवाडा आहे, अंबाझरी आहे. भंडारा-गोंदियाकडे गावोगाव जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत.

अंबाझरीवरची जलपर्णी तर द्रव्यचक्राचा चालताबोलता धडा आहे. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात उतरतो, त्यावर जलपर्णी माजते, पाणी झाकून टाकते, खाली उजेड पोचत नाही. ती मेली की जिवाणू तिला कुजवतात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो, मग मासे तडफडतात. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली तर त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस पावसाबरोबर पुन्हा तळ्यात. द्रव्य कुठेही नाहीसे होत नाही, हे मुलांना तळ्याच्या काठावर उभे राहून दाखवता येते. एखाद्या रविवारी आपला छायाचित्रकार तिथे पाठवा आणि तेच चित्र पुरवणीत छापा.

जाता जाता आणखी एक. या पानाचा खालचा निम्मा भाग शिकवणी वर्गांच्या जाहिरातीने व्यापला होता आणि धडा वरच्या निम्म्यात कोंबला होता. पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे, चष्मा लावूनही वाचवत नाहीत. जाहिरातींशिवाय पेपर चालत नाही हे मला कळते. पण पुरवणी विद्यार्थ्यांसाठी आहे, तर निदान धड्याची अक्षरे वाचता आली पाहिजेत.

माझी मागणी एकच आहे. पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्त आकृती छापा. आधीची चूक होती असे वर स्पष्ट शब्दांत लिहा, आतल्या पानात दोन ओळींत उरकू नका. शाळाशाळांत फलकावर लागलेली जुनी कात्रणे काढून टाकावीत, असे शिक्षकांना उद्देशून एक वाक्यही टाका. आकृती काढून द्यायला मी तयार आहे, त्याचे मानधन नको.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर