पाटील किती आणि आपले कोणते

ऐरोली, नवी मुंबई
दि. १४ डिसेंबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात तू नातेवाइकांच्या ग्रुपवर जो मजकूर टाकलास, तो मी दोन वेळा वाचला. ‘आपल्या पाटील घराण्याचा इतिहास लिहीत आहे, तरी सर्वांनी आपापली वंशावळ व जुनी कागदपत्रे पाठवून सहकार्य करावे,’ असे तू लिहिले होतेस. चौऱ्याऐंशी माणसांच्या त्या ग्रुपवर एकाने हात जोडले, एकीने ‘छान उपक्रम’ म्हटले आणि बाकी सगळे गप्प राहिले, याचे तुला वाईट वाटल्याचे तुझ्या बोलण्यात जाणवले. तिसरे उत्तर मात्र माझ्याकडे फोनवर आले, ते मी तुला त्या दिवशी सांगितले नव्हते. धाकटे आबा विचारत होते, “सूनबाई, मनूला आमची वंशावळ कशाला पाहिजे? कुठला प्लॉट निघालाय का?”

त्यांच्यावर रागावू नकोस. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, आले आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, तेव्हापासून आपल्याकडे ‘वंशावळ’ हा शब्द घरातल्या गप्पांतून उठून सरकारी फाइलीत जाऊन बसला आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-पागोटेच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना उभी राहिली, आणि त्या योजनेत भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराशी असलेले नाते प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढून सिद्ध करावे लागले. तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून काम करताना वारसांच्या कागदांवरून सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणे टाकलेले मी समोर पाहिले आहे. त्यामुळे खाडीच्या या काठावर वंशावळ मागणारा माणूस वाटा मागायला आला आहे, असे आधी समजले जाते. पुण्यात बसून तुला हे सुचण्याचे कारण नव्हते. मला सुचायला हवे होते. पुढच्या वेळी पहिल्याच वाक्यात आपला हेतू लिही, जमिनीच्या कागदांशी आपल्याला कर्तव्य नाही हे स्पष्ट लिही, आणि शक्य तो ‘वंशावळ’ हा शब्दच टाळ.

दुसरी अडचण आपल्या आडनावाची आहे. पाटील हे मुळात कुळाचे नाव नसून कामाचे नाव आहे. जुन्या ताम्रपटांतील ‘पट्टकिल’ या शब्दापासून ते आले असे मानतात. गावचा वसूल गोळा करणारा, तंटे ऐकणारा आणि सणाला पहिला मान घेणारा तो पाटील. पेशवाईच्या कागदांत त्यालाच मोकदम असेही म्हटलेले आढळते. जितकी गावे तितके पाटील, आणि पाटीलकी वतनी असल्याने भावाभावांत तिच्या तक्षिमा म्हणजे वाटण्या पडत गेल्या, म्हणून एकाच गावात चार-चार घरे पाटील. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपले, आज गावात दिसतो तो १९६७ च्या कायद्याखाली नेमलेला पोलीस पाटील. पद गेले तरी आडनाव मात्र चिकटून राहिले. आगरी पाटील, कोळी पाटील, मराठा पाटील, खानदेशातले लेवा पाटील, कोल्हापूर-सांगलीकडचे जैन पाटील, यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असण्याचे काहीच कारण नाही. माझे माहेरचे आडनाव पाटील आणि सासरचेही पाटील. लग्नात माझे मधले नाव तेवढे बदलले, आणि तरीही ही दोन घराणी आहेत. तेव्हा ‘पाटील घराण्याचा इतिहास’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला आपण नेमके काय विचारतो आहोत तेच कळत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळल्यावर सांगते. तुझ्या जन्माच्या आधी मलाही हाच नाद लागला होता. मी टेलिफोन डिरेक्टरीतून पाटलांचे पत्ते काढून चाळीस जोडकार्डे टाकली, म्हणजे अर्धे कार्ड आपला प्रश्न आणि उरलेले अर्धे त्यांच्या उत्तरासाठी. अकरा उत्तरे आली. त्यांतील अलिबागकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी पुढे पाकिटातून सात पिढ्यांची सुबक वंशावळ पाठवली. त्यात आपल्या पणजोबांचे नाव होते, त्यांच्या मुलाचेही नाव जुळत होते, आणि आपले मूळ उरणकडचे असल्याचे घरात ऐकलेलेच होते. मी आनंदाच्या भरात त्यांच्या सात पिढ्या आपल्या तीन पिढ्यांना जोडून टाकल्या. तुझ्या बाबांनी ती चांगल्या अक्षरात लिहून घेतली आणि चौकट करून दिवाणखान्यात लावली. दोन वर्षांनी पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद माझ्या हाती लागली, तेव्हा पत्नीचे नाव वेगळे, भाऊ वेगळे आणि मृत्यूच्या सालात बावीस वर्षांचे अंतर. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत अशी आहे की एका आड एका पिढीत तीच दोन नावे फिरत राहतात, त्यामुळे दोन नावे जुळणे हा पुरावाच नव्हे. मी चौकट उतरवली, पण तोवर तिच्या प्रती वाटून झाल्या होत्या. धाकट्या काकांच्या घरी ती अजून भिंतीवर आहे, आणि ते खोटे पणजोबा तिथे दर दसऱ्याला हार घालून घेतात.

म्हणून मदत मागण्याआधी प्रश्न इतका लहान कर की ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला ते एका ओळीत देता यावे. आपला प्रश्न एकच आहे: पणजोबांचे वडील मिठागरावरच्या कामासाठी उरणकडून इकडे आले असे सांगतात, तर ते कोणत्या गावचे? पाटील या शब्दाची यात फारशी मदत नाही. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे साल या चार गोष्टी आधी लिही, आणि त्यांतली प्रत्येक तुला कशावरून कळली तेही लिही: हे कागदावर पाहिले, हे आजीने सांगितले, हा माझा तर्क. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहिली की वाचणाऱ्याला ती दुरुस्त करण्याचे धाडस होते. ठामपणे लिहिली तर तो भिडेने गप्प बसतो.

गावात विचारताना आडनावाऐवजी घराची ओळख सांग. घणसोलीत ‘पाटलांचे घर कुठे’ विचारणाऱ्याला उलट ‘कुठले पाटील?’ असे ऐकावे लागते, आपण ‘विहिरीवरचे’. ही टोपणनावे कागदावर सापडत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात गाव त्यांनीच मांडलेले असते. आणि भावकी ओळखण्याची एक जुनी खूण आहे, ती कोणत्याही दाखल्याइतकी भरवशाची मी मानते: कोणाच्या घरी माणूस गेले असता आपल्याला दहा दिवसांचे सुतक लागते? सुतक लागते ती भावकी, नुसते भेटायला जातो ते आडनावबंधू. उरणकडच्या एखाद्या गावाशी असे सुतक कधी पाळले होते का, हे विचारलेस तर म्हातारी माणसे एकदम बोलू लागतील. शिवाय ‘तुमचे पूर्वज कोण’ या प्रश्नात जो संशय येतो तो या प्रश्नात येत नाही.

कागदांचे म्हणशील तर ते मी पाहीन, माझा हात त्यात बसलेला आहे. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा, वारसांची नोंद सहा-क, जन्ममृत्यूची नोंद चौदा. हक्कनोंदणीची ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी आली, त्यामुळे त्यापूर्वीचे फेरफार शोधत बसू नकोस. जुन्या शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत जन्मस्थळ असते, ते आपल्या फार उपयोगाचे. तिथली जन्मतारीख मात्र सोडून दे, कारण त्या काळी मास्तर सरसकट १ जून लिहीत आणि आपल्या घरात त्या एका दिवशी चार जणांचे वाढदिवस येतात. जुन्या कागदांवर रायगड शोधू नकोस, १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या घरचे कोणी गेले असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही नोंद असू शकते, पण तिथेही आधी गाव विचारतात, मग आडनाव.

मोडी वाचणाऱ्यांना विचारशील तेव्हा जपून विचार. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीचे कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाल्यापासून या मंडळींना श्वास घ्यायला सवड नाही. त्यांना कागदाचा कापलेला तुकडा पाठवू नकोस, पूर्ण पानाचा फोटो पाठव. एकच अक्षर तोच कारकून पानभर कसे काढतो हे पाहूनच शंकेचे अक्षर लागते, आणि साल बहुधा वर किंवा खाली कोपऱ्यात असते. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन तू स्वतः काढ, तेवढ्यासाठी त्यांना पुन्हा फोन नको. वाचनाचे मानधन विचार आणि दे. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून फुकट काम करून घेण्याची आपली सवय मला कधी आवडली नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या मजकुरात नव्हती आणि ती माझ्या मनाला लागली. तू सगळ्या पुरुषांची नावे विचारलीस. साडेबारा टक्क्यांसाठी काढलेल्या कितीतरी वंशावळींत मुली राहून गेल्या आहेत, काही विसरून आणि काही ठरवून, आणि आपण तोच कित्ता गिरवू नये. शिवाय त्यात आपलाच तोटा आहे. बहिणीने हक्कसोड करून दिले की त्या कागदावर तिचे, तिच्या नवऱ्याचे आणि सासरच्या गावाचे नाव येते. आपल्या शोधात पणजोबांच्या बहिणी कुठे दिल्या हे कळले तर त्यांचे माहेर कोणते मानले जात होते ते तिकडच्या लोकांकडून कळेल. आडनाव वेगळे असल्याने त्या लोकांना वाट्याचा धाकही नसतो, त्यामुळे ते मोकळेपणाने बोलतात. पाटलांना शोधायचे तर म्हात्रे, भोईर आणि मढवी यांना विचार, असे मी म्हणेन.

जी माहिती येईल ती पाठवणाऱ्याला नीट लिहून परत दे, तिच्यात त्याचे नाव घालू का हे विचारूनच घाल. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि बायकांची माहेरची नावे ग्रुपवर टाकू नकोस. बँकेवाले फोनवर नेमके तेच विचारतात.

धाकट्या आबांना मी सांगितले आहे की मनूला प्लॉट नको, त्यांच्या आजोबांचे गाव हवे आहे. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “ते आत्याला माहीत असेल, ती लहानपणी होडीने गेली होती तिकडे.” आत्याआजी आता नव्वदीच्या आहेत, फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि दुपारी चारनंतर त्या दमतात. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. वही आण, मोबाइल पर्समध्ये ठेव, आणि होडी कोणत्या बंदराला लागली होती एवढेच पहिल्यांदा विचार. मी बोंबील आणून ठेवते, त्यांना तू केलेलेच आवडतात.

तुझी,
आई