अलानिसआजी, उलिउनी!

आदरणीय अलानिस ओबोमसविन यांना
सप्रेम नमस्कार.

वयाने इतक्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला मराठी जीभ धजत नाही, म्हणून आजीच म्हणते. मी मॉन्ट्रियलमधल्या एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. तुमची-माझी भेट कधीच झालेली नाही, पण माझ्या कामाची रीत तुमच्यामुळे, तुमच्या माहितीपटांमुळे बदलली.

वर्गात एक नवा मुलगा आला होता. तो तोंडच उघडेना. मी प्रश्नांवर प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायचे आणि वहीत लिहायचे, ‘प्रतिसाद नाही’. त्याच सुमारास समजलं, की तुम्ही कुणाकडेही आधी कॅमेरा नेत नाही. टेपरेकॉर्डर घेऊन एकट्या जाता आणि तासन्‌तास नुसतं ऐकता. १९७१ सालचा तुमचा पहिला माहितीपट पाहिला. कॅनडातल्या जेम्स उपसागराकाठच्या निवासी शाळेतली मूळनिवासी मुलं, त्यांनी काढलेली चित्रं आणि त्यांचेच आवाज.

मी प्रश्न थांबवले. खडू पुढ्यात ठेवून त्याच्याशेजारी बसू लागले. तिसऱ्या आठवड्यात त्याने घर काढलं. मग हळूच सांगितलं, “ही आजीची खोली.”

लहान मुलाला गप्प करणं काय असतं, ते तुम्ही सोसलंत. ओडानाक ही अबेनाकी या मूळनिवासी लोकांची, तुमची वस्ती सोडून त्रुआ-रिव्हिएर शहरात गेलात, तिथल्या शाळेत तुम्ही एकट्याच अबेनाकी. इतिहासाच्या पुस्तकात तुमचे पूर्वज रानटी, आणि पुस्तकातलं ते सारं वर्गाबाहेर तुमच्या अंगावर यायचं. तुमच्यातल्याच वडीलधाऱ्या तेओफिल पानादिस यांनी शिकवलेली गाणी आणि गोष्टी तुमच्यापाशी होत्या. पुढे तीच गाणी घेऊन तुम्ही शाळाशाळांत गेलात, मुलांना दुसरा इतिहास ऐकवायला.

१९९० साली क्वेबेकमधल्या ओका इथे गोल्फच्या मैदानासाठी मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या पाइनवनावर आणि दफनभूमीवर घाला येत होता, तेव्हा तुम्ही ७८ दिवस तिथे चित्रण केलंत. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो ओडानाकचा पोहण्याचा तलाव. नदीचं पाणी घाण झालेलं, शेजारच्या गावातल्या तलावात अबेनाकी पोरांना मज्जाव. त्यांच्या स्वतःच्या तलावासाठी तुम्ही गाण्याचे कार्यक्रम करून पैसे उभे केलेत. हे कळलं आणि महाडचं चवदार तळं डोळ्यांपुढे आलं.

तुमच्या भाषेत आभार मानताना ‘उलिउनी’ म्हणतात. पुष्कळदा घोकलाय हा शब्द. उच्चार चुकला तर सांभाळून घ्या.

तुमची ऋणी,
मॉन्ट्रियलमधली एक मदतनीस