‘हा पीसी गेला’ म्हणण्याआधी

महोदय,

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानापासून शाळेच्या लॅबपर्यंत चौथ्या-सहाव्या पिढीच्या पीसीला एकच निकाल मिळतो: ‘हा गेला, नवीन घ्या.’ त्यावर हौशी पोरांचे उत्तर ठरलेले: ‘लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, सगळं पळतंय.’ दोन्ही बोलणी अर्धीच खरी आहेत आणि ऐकणाऱ्याचे नुकसान दोन्हींकडून होते.

जुना पीसी संथ असतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. आधी 240 किंवा 256 जीबीची एसएसडी घालावी आणि रॅम 4 ची 8 जीबी करावी. नव्याने येणाऱ्याने लिनक्सचा मिंट हा प्रकार घ्यावा. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. रॅम 4 जीबीच ठेवायची असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. मिंटची इन्स्टॉलची फाइल साधारण 3 जीबीची आहे, म्हणजे 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइल नुसती कॉपी केली तर पीसी तिच्यावरून सुरू होत नाही, ती रुफससारख्या सॉफ्टवेअरने ‘लिहावी’ लागते.

इथे बहुतेक जण घाई करतात. पेनड्राइव्हवरून मिंट डिस्कला हात न लावता चालते. त्यावरूनच तासभर चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासावा. ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड कित्येकदा ओळखलेच जात नाही. मग मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करायचे आणि त्या नेटवरून ड्रायव्हर घ्यायचा. एचपी लेझरजेट 1020 ला वेगळे प्लग-इन उतरवावे लागते. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅनन एलबीपी 2900 मात्र भलताच हट्टी आहे. ज्याचे पोट त्या प्रिंटरवर आहे त्याने पीसी लिनक्सवर नेण्याआधी दहादा विचार करावा. टॅली, कोरलड्रॉ, श्रीलिपीवर रोजचे काम करणाऱ्यांना तर मी सरळ सांगेन, या वाटेला जाऊ नका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घालायचे असेल तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. ते चालू असताना ‘शटडाउन’ केले तरी विंडोज अर्धवट झोपलेले असते. मग लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही, आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कचे कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा साटा मोड ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर आहे का ते पाहावे, लिनक्सला ‘एएचसीआय’ लागतो.

आता गेमकडे वळतो, कारण घराघरांत वाद होतो तो यावरच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2018 पासून विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन आहे. गेम विंडोजच्या डायरेक्टएक्स या भाषेत बोलतो, प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके त्याचे व्हल्कन या दुसऱ्या भाषेत भाषांतर करतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्र काढते. म्हणजे कार्डाला व्हल्कन नीट आले पाहिजे. एनव्हिडियाचे जीटी 710 हे जुने कार्ड इथेच अडते. त्याचा ड्रायव्हर 470 मालिकेवर थांबला, तिथे व्हल्कन 1.2 च मिळते, डीएक्सव्हीके 2.0 पासून पुढे 1.3 लागते. ‘प्ले’ दाबले की खिडकी उघडून लगेच मिटते ती यामुळे. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन 7 निवडले तर बरेच जुने गेम सुरू होतात. नवे होणार नाहीत, आशा ठेवू नये.

दुसरी चूक म्हणजे विंडोजच्या डी ड्राइव्हवरचे गेम तिथूनच चालवणे. प्रोटॉन ‘सी:’ अशा नावाच्या लिंक बनवतो, आणि नावातला कोलन विंडोजला मान्य नाही. काही दिवसांत डिस्कवर चुका साचतात. गेम लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी4 विभागातच ठेवावेत.

आणि ज्याला काहीच इलाज नाही ते म्हणजे अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममधली फसवणूक पकडणारे सॉफ्टवेअर. व्हॅलोरंटचे व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसते, त्यामुळे तो गेम लिनक्सवर नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजेंड्स चालत होता, 2024 मध्ये कंपनीने तो लिनक्सवर बंद केला. जीटीए 5 ची स्टोरी चालते, ऑनलाइन नाही. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 तर मुळातूनच लिनक्सवर आहेत. तेव्हा पोरगे रोज काय खेळते ते आधी विचारा, मग पेनड्राइव्ह काढा.

कोणत्या कार्डावर कोणता गेम चालला याची नोंद प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळणारेच विनामोबदला ठेवतात. तिथे नुसता ‘गोल्ड’ हा शेरा वाचून उपयोग नाही. नोंद कधीची आणि कार्ड कोणते ते पाहावे. अशी जागा आपल्याकडच्या तालमीसारखी असते. हौद्यातली माती कुणीतरी पहाटे खणून ठेवलेली असते म्हणून बाकीच्यांना कुस्ती करता येते. आपली मंडळी मात्र येतात, ‘भावा, गेम चालत नाय’ एवढेच लिहितात आणि दहा मिनिटांत उत्तर आले नाही की शिव्या घालतात. अंदाजाने उत्तर कोण देणार? कार्डाचे पूर्ण नाव, ड्रायव्हरचा आकडा, प्रोटॉनची आवृत्ती, आधी काय करून पाहिले आणि पडद्यावर आलेली एररची ओळ जशीच्या तशी द्यावी. मिंटमध्ये ‘सिस्टिम रिपोर्ट्स’मधून (नव्या आवृत्तीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’) संगणकाची सगळी माहिती कॉपी करता येते. पडद्याचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो देऊ नये. फोटोतला मजकूर पुढच्या माणसाला शोधून सापडत नाही. आणि प्रश्न सुटला की कशाने सुटला ते त्याच जागी लिहावे. ‘झालं, थँक्स’ वाचून तीच अडचण असलेल्या पुढच्याने काय करायचे?

करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांनी किंवा शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी महिन्यातला एक रविवार एक टेबल आणि चार खुर्च्या जुन्या पीसीवर लिनक्स घालायला मदत करण्यासाठी द्याव्यात, एवढी आपल्या पत्रातून विनंती. येणाऱ्याने आपल्या फायलींचा बॅकअप घरूनच घेऊन यावे, नाहीतर अर्धा रविवार लग्नाचे फोटो कॉपी करण्यातच जाईल.

– एक वाचक, कोल्हापूर